डावऱ्या हाताची शिवण

पोलीस कवापासून लोकांची कापडं धुवाय लागले?

म्हाळसाबाईनं हे मोठ्यानं विचारलं नाही. ओसरीवर बायकांचा गराडा पडला होता, रडारड चालली होती आणि तिच्या मांडीवर तिच्या पोराचा शर्ट होता. निळ्या चौकड्यांचा. ज्ञानेशनं हौसेनं शिरूरच्या बाजारातून आणलेला. हाच शर्ट अंगात घालून तो रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघाला होता. पोरगा सरणावर गेला आणि शर्ट दिराच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आला. आणि त्या शर्टाला साबणाचा वास येत होता.

झालं काय, ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, निदान चौकीनं सांगितलं तेवढं तरी. भीमेच्या काठावरच्या एका पुढाऱ्याच्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या. संशयावरून ज्ञानेशला कामावर जाताना रस्त्यात अडवलं आणि मोटरसायकलसकट चौकीत नेलं. कुठली चौकी ते विचारू नका. सगळ्यांना माहीत आहे आणि नाव कुणी घेत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की पोरगं लघवीचं निमित्त करून पळालं, मागच्या भिंतीवरून उडी मारली, डोक्यावर आपटलं आणि गेलं. मार फक्त डोक्याला, बाकी अंगावर ओरखडाही नाही. बास! शेवंतीच्या वाफ्यात लहानाचा मोठा झालेला जीव त्यांनी असा दोन वाक्यांत गुंडाळून टाकला.

म्हाळसाबाईनं शर्ट पालथा केला. पाठीवर, गळपट्टीखालून थेट काखेपर्यंत, हातशिवण होती. बारीक, नेटकी, दोन्ही कडा आत दुमडून घातलेली. पोरगा निघाला तेव्हा हा शर्ट धड होता. तिनंच तो दोरीवरून काढून त्याच्या हातात दिला होता आणि "वरची गुंडी लाव की!" म्हणून त्याच्या मागं ओरडलीही होती. म्हणजे मधे शर्ट फाटला आणि मग कुणीतरी तो शिवला. फाटला कुठं, ते सांगायला ज्योतिषी नको. पण शिवला कुणी?

तिनं टाके डोळ्यांजवळ धरले आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. टाके उलट्या अंगाला कललेले होते आणि शेवटची गाठ भलत्याच टोकाला होती. असं शिवणारी डावरी बाई अख्ख्या वस्तीत एकच. सुवर्णा. तिच्या धाकट्या दिराची, हौसरावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला उशीची खोळसुद्धा शिवता येत नव्हती. म्हाळसाबाईनंच तिला समोर बसवून गोधडी घालायला शिकवली, टाक्याला टाका लावून. ही शिवण तिनं डोळे मिटून, नुसता हात फिरवून ओळखली असती.

सुवर्णा तिथंच होती, खांबाला टेकून, पदराचा बोळा तोंडात कोंबून हुंदके देत. म्हाळसाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, शर्टाची घडी घातली आणि मूग गिळून बसली.

आता हौसरावाचं सांगायला पाहिजे. हौसराव गावचा पोलीस पाटील. म्हणजे धड पोलीस नव्हे आणि धड पाटीलही नव्हे. गावात काही खुट्ट वाजलं की चौकीला कळवायचं आणि चौकीनं हाक मारली की पळत जायचं, असा अधला-मधला माणूस. हवालदार आला की ह्याच्या ओट्यावर चहा. पंचनाम्यावर पंच म्हणून सही ह्याचीच. कपडे मिळाले ते सुस्थितीत, असं त्या पंचनाम्यात लिहिलं होतं आणि खाली हौसरावाची सही होती. अंगण एक, चुली दोन. म्हाळसाबाईचा नवरा गेल्यापासून ह्याच दिरानं तिच्या फुलांच्या पेट्या पुण्याच्या गाडीत चढवल्या होत्या, ज्ञानेशला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. आणि तोच आता तिच्याशी बोलताना जमिनीकडं बघत होता.

पोरगं काही परत येणार नव्हतं, तेवढं तिला कळत होतं. पण घरातलं कोण चौकीला सामील आहे, हे तिला कळायलाच पाहिजे होतं. ज्या अंगणात दिवस काढायचे तिथं कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, एवढं तरी माणसाला ठाऊक नको का?

दहाव्याला घाटावर मेलेल्याची कापडं सोडून द्यायची रीत. म्हाळसाबाईनं साधा रुमालसुद्धा सोडला नाही. सगळं गाठोडं काखेत मारून ती घाटावरून माघारी निघाली, तसा हौसराव मागनं आला.

"वैनी, आसं घरात ठिवत न्हाईत. रीत हाय."

"भावजी, रीत मला शिकवू नगा. जित्ता मानूस न्यायचा आन् मेलेला परत द्यायचा, ही कुठली रीत, ती आदी सांगा."

हौसरावानं टोपी काढली, परत घातली आणि पाय ओढत निघून गेला. चोराच्या मनात असतं तेच, असं म्हाळसाबाईनं मनाशी ठरवलं.

मग तिनं गोधडी घालायला घेतली. गोधडी म्हणजे काय, जुनी लुगडी थरावर थर अंथरायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. गावातल्या बायका एकमेकींना चिंध्या देतात, दुपारच्या येऊन चार टाके घालून जातात. पण ह्या गोधडीला म्हाळसाबाईनं कुणाचा हात लागू दिला नाही. वाफे वाट्यानं देऊन टाकले, दार अर्धं लोटलं आणि खिडकीजवळ बसली. तिथनं हौसरावाचा ओटा सरळ दिसायचा.

पहिल्यांदा तिनं ज्ञानेशची शाळेतली खाकी चड्डी फाडली आणि तिची चौकी केली. कंपनीच्या करड्या युनिफॉर्मचा पारगावचा पूल केला. स्वतःच्या हिरव्या पातळाची नदी केली. झबल्याचा मऊ कपडा उरला होता, त्याचा तिनं पोरगा केला, मोटरसायकलवर बसलेला. तो टाचताना सुई तिच्या बोटात घुसली, आणि ती तशीच बसून ढसाढसा रडली. बोलून रडता येत नव्हतं, लोकांसमोर तर नाहीच. सुई हातात असली की रडता येत होतं.

आणि मग तिनं माणसं घालायला सुरुवात केली. ज्याच्यावर संशय, तो गोधडीत. न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा टपरीवाला, ज्यानं पोराला धरताना बघितलं आणि आता "मी तवा आत व्हतो" म्हणत होता. मोटारींचा मालक पुढारी, पांढऱ्याशुभ्र कापडाचा, पोट सुटलेला. पिशवी घेऊन उभा हौसराव. आणि खरी गंमत अशी की चिंधी ज्याची, अंगही त्याचंच. ज्यानं जुनं कापड दिलं, त्याच्याच कापडातून तिनं त्याला कापलं.

शेजारची गिताबाई एकदा आत डोकावली आणि तिला चौकीच्या रस्त्यावर तोंडावर हात ठेवून उभी असलेली एक बाई दिसली, तिच्याच अंजिरी लुगड्याची.

"म्हाळसे, ही मी व्हय गं?"

"तुला काय वाटतं?"

"आगं पन मी काय केलं?"

"त्येच तर मी इचारतीया. पोराला धरलं तवा तू यष्टीतनं उतरत व्हतीस. घरी येऊन सांगितलंस का मला?"

गिताबाईच्या पायाखालची वाळूच सरकली. ती गेली ती सगळ्या आळीला सांगत गेली. झालं! गावानं चिंध्या देणं बंद केलं. फडकी, पोतेरी, पोरांची लंगोटं, सगळं लोक घरात वाळत घालायला लागले. म्हाळसाबाई रस्त्यानं निघाली की बाया पदर आवरायच्या. कोण कोण गोधडीत बसलंय, ह्याची चावडीवर चर्चा. कुणी म्हणालं, बाईला वेड लागलं. कुणी म्हणालं, वेड कसलं, हिनं डोळ्यांत तेल घातलंय.

फक्त सुवर्णा आली. न मागता, पदराखाली गाठोडं घेऊन. मोरपंखी पातळ, एक पिवळा परकर, दोन ब्लाउज.

"आक्का, घ्या. मला काय आता ती नेसायची न्हाईत."

म्हाळसाबाईनं गाठोडं घेतलं आणि मनात म्हणाली, एवढा पुळका कशाचा? सगळं गाव पळतंय आणि ही आपल्या पायानं येतीये. कुठंतरी पाणी मुरतंय. त्या दिवसापासून तिनं सुवर्णावर पाळतच ठेवली. सुवर्णा फोनवर बोलताना हिला बघून फोन ठेवायची. ताटावरून अर्धं जेवून उठायची. सारखी माहेरी, केडगावला जायची. सरळ नजरेला नजर देत नव्हती. एकेक खूण म्हाळसाबाई मनात टाचत गेली, आणि एक दिवस तिनं मोरपंखी पातळाला कात्री लावली. चौकीच्या दाराशी तिनं एक बाई बसवली, मान खाली घातलेली, डाव्या हातात सुई. त्या बाईसमोर, गोधडीच्या बरोब्बर मधोमध, तिनं ज्ञानेशचा शर्ट टाचून टाकला, अख्खाच्या अख्खा, पाठ वर करून.

चौकीत माणूस गेला की मॅजिस्ट्रेटची चौकशी लागते; त्या चौकशीत म्हाळसाबाईच्या बाजूचं काम शिरूरचे विश्वजीत वकील बघत होते. शर्ट गोधडीला टाचायच्या आधीच तिनं तो त्यांना दाखवला होता, पण शिवणारीचं नाव सांगितलं नव्हतं. वकिलांनी मान हलवली. "धुतलेला, शिवलेला शर्ट. समोरचे म्हणतील, घरी फाटला, घरी शिवला. मावशी, ज्यानं शिवला त्यानं समोर येऊन सांगितलं की फाटका आणि रक्तानं भरलेला आला होता, तर गोष्ट वेगळी." म्हाळसाबाई शर्ट काखेत मारून उठली. वकिलाचाही तिला पुरता भरवसा नव्हता. एवढं गोड बोलतो, तो दुसऱ्या अंगानंही गोड बोलत असेल.

त्याच वकिलाकडून कळलं म्हणून पुण्याहून एक बाई आली. समृद्धी नाव, कुठल्याशा कॉलेजात विणकाम-भरतकाम शिकवायची. गोधडी बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, हे पुण्यात लोकांसमोर मांडू या. हॉलमध्ये, भिंतीवर."

"तुमाला कुनी धाडलं?" म्हाळसाबाई म्हणाली.

"मीच आले."

"पुन्याच्या लोकांनी बगून काय करायचं? ज्यांनी बगायचं ती सगळी हितंच हायती." तिनं फोटोही काढू दिला नाही. पण आल्या माणसाला चहा नाही म्हणता येत नाही, आणि घरातली साखर संपली होती, म्हणून सुवर्णाच आपल्या चुलीवरून कप घेऊन आली. समृद्धी गोधडीवर वाकली होती. तिला बिचारीला काय माहीत! तिनं सहज बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, ही दाराशी बसलेली कोण? हिच्या हातात सुई का आहे?"

सुवर्णानं बघितलं. आधी मोरपंखी पातळ ओळखलं, मग डावा हात. कपबशी खाली ठेवताना चहा सांडला.

"आक्का, ही मी हाय."

"व्हय. तूच."

"मी चौकीत कवा गेले?"

"तू न्हाई गेलीस. तुजी सुई गेली." आणि मग इतके महिने दाबून धरलेलं सगळं म्हाळसाबाईच्या तोंडून फुटलं. "सांग, कुनी शिवाय लावलं? हवालदारानं, का तुज्या नवऱ्यानं? तुला टाका म्या शिकवला गं, म्या! माज्याच पोराच्या मरनावर ठिगळ लावाय शिकवला व्हय म्या तुला?"

सुवर्णा भिंतीला धरून खाली बसली. "कुनी न्हाई वो लावलं. ह्यांनी पिशवी आनून चुलीपशी ठिवली, म्हनले, वैनीला द्यायचीया. म्या उगडून बगितली." ती थांबली. समृद्धीकडं बघितलं, परत म्हाळसाबाईकडं बघितलं. "पाठीवरनं पार फाटला व्हता. बाही नुस्ती लोंबत व्हती. आन् रगात... म्या म्हनलं, ह्यो आसा आक्कांच्या मांडीवं कसा ठिवायचा? जल्मभर त्येच दिसत ऱ्हाईल त्यास्नी. म्हनून शिवला. आदी शिवला, मंग धुतला. फाटका धुवाय हात उचलंना माजा."

"खोटं!" म्हाळसाबाई ओरडली. "साफ खोटं!"

खोटं म्हणाली खरी, पण आत कुठंतरी तिला ते पटलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वैऱ्यानं पुरावा धुतला असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. मायेनं धुतला, आता शिव्या कुणाला द्यायच्या? "पुरावा व्हता त्यो, सुवर्णे! पोराच्या अंगावरचं येवढंच तर घरी आलं व्हतं. त्येबी तू धुवून काडलंस!"

"मला कुठं ठावं वो, पुरावा म्हंजी काय आसतं!"

"खरं आसंल तर कोडतात सांग. हुबी ऱ्हा आन् सांग. नवऱ्याच्या सहीच्या इरुद्ध."

सुवर्णानं पदरानं तोंड पुसलं. रडायची थांबली आणि गप्प झाली. तिचं ते गप्प बसणं म्हाळसाबाईनं उत्तर म्हणून घेतलं. समृद्धी अवघडून उठली, "मी पुन्हा येईन" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा पिशवी भरून केडगावला माहेरी निघून गेली. हौसरावाच्या ओट्यावर दिवसभर कुणी नव्हतं.

म्हाळसाबाईनं वकिलाला फोन केला आणि सुवर्णाचं नाव सांगून टाकलं. सांगितल्यावर तिला वाटलं, आपण चूक केली. आता चौकीवाले तिला पढवतील, नाही तर पळवतील.

चौकशीच्या दिवशी वकील म्हणाले होते, शर्ट घेऊन या. शर्ट तर गोधडीला टाचलेला; तो तिनं उसवला नाही. अख्खी गोधडी चादरीत बांधली, डोक्यावर घेतली आणि न्हावऱ्याहून यष्टी धरली. गाडीत कंपनीची पोरं होती, गळ्यात ओळखपत्रं, कानात वायरी. एकानं उठून जागा दिली. त्याच्याकडं तिला बघवलं नाही.

शिरूरच्या कोर्टाच्या आवारात ती लिंबाखाली बसली आणि फाटकाकडं डोळे लावले. बऱ्याच वेळानं एक मोटरसायकल आली. पुढं हौसराव, मागं डोक्यावरून पदर घेतलेली सुवर्णा.

झालं! म्हाळसाबाईनं मनात म्हटलं. नवऱ्याच्या गाडीवरून आली म्हणजे नवऱ्याचंच बोलणार. रस्ताभर घोकून घेतलं असेल त्यानं. काय म्हणेल? शर्ट जुनाच होता, म्हणेल. शिवण आधीचीच होती, म्हणेल. आक्कांना पोरगं गेल्यापासून भास होतात, म्हणेल. सुवर्णा जवळून गेली, थांबली, काहीतरी बोलणार होती. म्हाळसाबाईनं तोंड फिरवलं.

आत मॅजिस्ट्रेट बाई होत्या, वयानं सुवर्णाएवढ्याच असतील. दोन टेबलं जोडली आणि त्यावर गोधडी पसरली. कारकून माना पुढं काढून बघायला लागले. पूल, नदी, मोटरसायकलवरचं पोर, खाकी चौकी. बाकावर चौकीतले दोघं बसले होते, ते सोडून सगळ्यांनी बघितली. पोलिसांचा वकील हसून म्हणाला, "मॅडम, ही कलाकुसर आहे. ह्याचा चौकशीशी काय संबंध?"

"शर्टाचा आहे," विश्वजीत वकील म्हणाले आणि त्यांनी सुवर्णाला पुढं बोलावलं.

सुवर्णा उभी राहिली. मॅडमनी विचारलं, "हा शर्ट तुम्ही शिवला?"

सुवर्णानं दाराकडं बघितलं. दारातून लिंब दिसत होता आणि लिंबाखाली हौसराव तंबाखू मळत उभा होता. बायकोला घेऊन आला, पण आत यायची त्याची छाती झाली नव्हती. म्हाळसाबाईचे कान नुसते सुवर्णाच्या तोंडाकडं लागले होते. तिनं "न्हाई" म्हटलं तर सगळं संपलं. पोरगं भिंतीवरूनच पडलं म्हणायचं, आणि त्याच अंगणात मरेपर्यंत राहायचं.

"व्हय," सुवर्णा म्हणाली. "म्या शिवला. चौकीतनं पिशवीत आला तवा पाठीवरनं फाटल्याला व्हता. रगातानं भरल्याला व्हता. माज्या मालकांनी सही केली ती भिऊन केली. त्यांनी बगितलंबी न्हाई, बगवलं न्हाई त्यास्नी. पिशवी उगडली ती म्या."

पोलिसांचा वकील ताडकन उठला. "हे बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं? जाऊबाईंनी?"

"जाऊबाईचा माज्यावं इस्वास न्हाई, सायेब," सुवर्णा म्हणाली. "त्या कशाला शिकवतील? त्यांनी मला चौकीच्या दारात बसवलीया. ती बगा की."

कुणीतरी खोकलं. म्हाळसाबाईला वाटलं, जमीन दुभंगावी.

वकील म्हणाला, "बरं, रक्त होतं म्हणता. तुम्हीच धुतलं म्हणता. मग आम्ही कशावरून मानायचं?"

"आदी शिवला, मंग धुतला," सुवर्णा म्हणाली. "दोनी कडा आत दुमडल्या हायत्या. घट्ट टाका हाय. आत पानी गेलं नसंल."

विश्वजीत वकिलांनी चष्मा वर केला. "आदी शिवला, मंग धुतला" हे वाक्य म्हाळसाबाईच्या डोक्यात आत्ता शिरलं. सुवर्णानं ते तिला घरात सांगितलं होतं, अगदी ह्याच शब्दांत, आणि तिनं ऐकलंच नव्हतं, वर "खोटं" म्हणून ओरडली होती. टाका कुणाचा हे शोधत तिनं त्या शिवणीवर किती वेळा बोट फिरवलं होतं. दुमडलेल्या कडेत काय असेल, हे एकदाही मनात आलं नाही. संशयानं तिची अक्कलच खाल्ली होती.

मॅडमनी कारकुनाला सगळं लिहून घ्यायला सांगितलं आणि मोबाईलवर चित्रण सुरू करायला लावलं. मग म्हणाल्या, "उसवून दाखवा."

कात्री आली. सुवर्णानं ती डाव्या हातात धरली आणि वाकली, पण शर्टाचं कापड कात्रीबरोबर सरकत होतं. पहिला टाका काही केल्या सापडेना. म्हाळसाबाई बाकावरून उठली. कुणाला न विचारता टेबलाच्या पलीकडं गेली आणि शर्टाची पाठ दोन्ही हातांनी ताणून धरली.

गाठ तुटली. एक टाका सुटला, दुसरा सुटला. गळपट्टीजवळची कडा उलगडली आणि आतलं कापड दिसलं. बाहेर शर्ट निळा होता. आत, दुमडीच्या आत, तो काळपट तपकिरी होता, कडक झालेला, घडीला तडा गेलेला. विश्वजीत वकील "मॅडम" एवढंच म्हणाले. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले आणि परत बसले.

सुवर्णा थांबली. अजून काखेपर्यंतची सगळी शिवण बाकी होती. तिनं मान वर केली, मॅडमकडं नाही, वकिलांकडं नाही, म्हाळसाबाईकडं. तिचे गाल ओले झाले होते.

"आक्का, तुमी तकडं त्वांड करा," ती हळूच म्हणाली. "तुमी बगू नगा. ह्याच्यासाटीच शिवला व्हता म्या."

म्हाळसाबाईनं सुवर्णाच्या तोंडाकडं नीट बघितलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग मान खाली करून पोराच्या शर्टाकडं बघितलं आणि कापड आणखी घट्ट धरलं.

"बगते मी," ती म्हणाली. "तू सोड, बाय माजी."

सुवर्णानं पुढचा टाका कापला.